खारजमिनीतला भात आणि जनुकसंपादन : नव्या वाणांचे आकडे कसे वाचावेत?

शर्वरी_ऐरोली (धागाकर्ती)

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुकसंपादनाच्या तंत्राने तयार झालेले भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतला एक हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा डीआरआर धान १००, म्हणजेच ‘कमला’, आणि दुसरा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा डीएसटी राइस १. बातम्यांमध्ये ‘कमला’चीच चर्चा अधिक झाली, कारण सांबा मसुरी या मूळ वाणापेक्षा तो सुमारे वीस दिवस लवकर तयार होतो आणि पंचवीस ठिकाणच्या चाचण्यांत त्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी ५.३७ टन आले, तर मूळ सांबा मसुरीचे ४.५ टन. मात्र ठाण्याच्या खाडीपासून पनवेल-उरणपर्यंतच्या आपल्या पट्ट्याशी ज्याचा थेट संबंध आहे तो वाण दुसरा आहे, आणि त्याच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. म्हणून हा धागा.

पुसा डीएसटी राइस १ हा एमटीयू १०१० या आंध्रातल्या लोकप्रिय वाणात बदल करून तयार केला आहे. भातामध्ये डीएसटी नावाचे एक जनुक असते. त्यापासून तयार होणारे प्रथिन इतर जनुकांना चालू-बंद करते, आणि त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडचा निचरा करणारी जनुकेही येतात. हे प्रथिन काम करेनासे झाले की पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड साठते, रंध्रे मिटतात आणि पानातून उडून जाणारे पाणी कमी होते. पाणी कमी उडाले की मुळांकडून वर ओढले जाणारे पाणी कमी होते, आणि त्या पाण्याबरोबर पानात पोहोचणारे मीठही कमी होते. दुष्काळ आणि क्षार या दोन्ही ताणांत झाड तग धरते, म्हणून ‘ड्रॉट अँड सॉल्ट टॉलरन्स’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन जनुकाला हे नाव पडले. २००९ मध्ये चिनी संशोधकांनी या जनुकाचे काम उलगडले. दिल्लीच्या चमूने क्रिस्पर-कॅस९ हे डीएनए ठरावीक जागी कापणारे तंत्र वापरून एमटीयू १०१० मध्ये ते निष्क्रिय केले. त्या झाडांची पाने अधिक रुंद झाली आणि पानांवरची रंध्रे विरळ झाली, असे त्यांच्या २०२० च्या शोधनिबंधात दाखवले आहे.

मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो असा की ‘कमला’ आणि पुसा डीएसटी हे वरवर दोन वेगळे प्रयोग असले तरी आतून एकाच साखळीचे दोन दुवे आहेत. ‘कमला’मध्ये जे जनुक बदलले आहे ते सायटोकायनिन या संप्रेरकाचे विघटन करणारे विकर बनवते. विघटन कमी झाले की लोंबीच्या वाढत्या टोकाशी सायटोकायनिन अधिक राहते आणि लोंबीत दाणे जास्त भरतात. २०१३ मध्ये असे दिसून आले की या विकराच्या जनुकाला चालना देणाऱ्यांत डीएसटीचे प्रथिनही आहे. म्हणजे डीएसटी बंद केल्याने एकीकडे रंध्रांवर आणि दुसरीकडे दाण्यांच्या संख्येवर, असा दुहेरी परिणाम अपेक्षित असतो. बारा गुणसूत्रांच्या एवढ्या मोठ्या जनुकसंचात ताण सोसणे आणि दाणा धरणे यांचे धागे इतके जवळून गुंफलेले आहेत, हे कळायला आपल्याला वीसएक वर्षांचे मूलभूत संशोधन लागले, आणि ते वाण येण्याच्या कितीतरी आधी झाले होते.

आता आकड्यांकडे येते. जाहीर झालेल्या माहितीनुसार या वाणाचे उत्पादन अंतर्गत भागातील खारवट जमिनीत मूळ वाणापेक्षा ९.६६ टक्के, चोपण म्हणजे अल्कधर्मी जमिनीत १४.६६ टक्के आणि किनारी खारजमिनीत ३०.४ टक्के अधिक आले. वर्तमानपत्रांनी ‘तीस टक्के वाढ’ असा मथळा केला. त्यामागचे किलो मात्र पाहायला हवेत : किनारी खारजमिनीत मूळ एमटीयू १०१० ने हेक्टरी १९१२ किलो दिले आणि नव्या वाणाने २४९३ किलो. फरक ५८१ किलोंचा, म्हणजे आपल्या हिशेबाने गुंठ्याला सुमारे सहा किलो. फरक खरा आहे आणि लहान शेतकऱ्याच्या घरात तो जाणवेल. पण एमटीयू १०१० हा काही क्षार सोसण्यासाठी निवडलेला वाण नव्हे. आपल्या शेजारी पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे आणि तिथून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे क्षारसहिष्णू वाण आधीच निघालेले आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की कोकणातल्या शेतकऱ्यासाठी नव्या वाणाची खरी तुलना एमटीयू १०१० शी नव्हे, तर पनवेलच्या वाणांशी, आपल्याच खारजमिनीत, आपल्याच पावसात व्हायला हवी. महाराष्ट्र या वाणासाठी शिफारस केलेल्या राज्यांत आहे, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही.

जाणकारांनी भर घालावी.

---

दिघा_ते_ठाणे

ताई, लेख आवडला. एक मूलभूत शंका आहे. बीटी कापूस आणि बीटी वांगे यांच्या वेळी जो वाद झाला तो यालाही लागू होतो का? जनुकसंपादित आणि जनुकीय सुधारित यांत कायद्याने फरक केला आहे असे ऐकले, पण तो फरक विज्ञानाचा आहे की फक्त कागदाचा?

---

शर्वरी_ऐरोली

दोन्हींचा आहे. बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात आणले होते आणि २००२ मध्ये त्याला लागवडीची परवानगी मिळाली. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली. त्या दोन्हींत परके जनुक झाडात कायमचे राहते. इथे कॅस९ हे प्रथिन ठरावीक जागी डीएनए कापते, पेशी तो तुटलेला भाग स्वतःच सांधते आणि सांधताना काही अक्षरे गळतात किंवा जास्तीची येतात. तेवढ्याने जनुक बंद पडते. कापण्यासाठी जे कॅस९ चे जनुक झाडात घातलेले असते ते पुढच्या पिढीत विलग होते आणि ज्या रोपांत ते उरलेले नाही अशीच रोपे निवडली जातात. हाती येते ते असे झाड, ज्यात बाहेरचा डीएनए नाही आणि बदल मात्र निसर्गात आपोआप होणाऱ्या उत्परिवर्तनासारखा आहे.

म्हणूनच ३० मार्च २०२२ रोजी पर्यावरण मंत्रालयाने, परका डीएनए नसलेल्या अशा संपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमांतील नियम ७ ते ११ मधून सूट दिली. त्यामुळे जीएम, म्हणजे जनुकीय सुधारित, मोहरीला जी जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची वाट चालावी लागली ती यांना चालावी लागत नाही. सूट योग्य आहे असे माझे मत आहे, परंतु सूट मिळाली म्हणून चाचणीची माहिती खुली करण्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

---

कोपरीचा_रसायनज्ञ

रंध्रांचा भाग शर्वरीताईंनी नीट मांडला आहे. मी मिठाच्या रसायनाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मीठ झाडाला नेमके कशाने मारते हे समजले की कोणत्या जनुकावर काम करावे हे आपोआप समजते.

पहिला आघात पाण्याचा असतो. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की परासरण दाबामुळे मुळाला पाणी ओढणे जड जाते. शेतात पाणी उभे असूनही झाड तहानलेले राहते. दुसरा आघात सावकाश येतो आणि तो सोडियमचा असतो. सोडियम आणि पोटॅशियम या दोन्ही आयनांवर एकच धनभार आहे, त्यांच्या त्रिज्या सुमारे १०२ आणि १३८ पिकोमीटर आहेत, आणि पेशीतील अनेक विकरे, तसेच प्रथिने बनवणारी रायबोसोमची यंत्रणा, पोटॅशियमवर अवलंबून असते. सोडियम वाढले की ते पोटॅशियमच्या जागा अडवते, पण त्याचे काम करू शकत नाही. जुनी पाने आधी करपतात याचे कारण हेच, की त्यांच्यात सोडियम अधिक काळ साठत गेलेले असते.

भातात यावर एक देखणा उपाय निसर्गाने आधीच केलेला आहे. एचकेटी१;५ नावाचे एक वाहक प्रथिन मुळाकडून वर जाणाऱ्या रसातून सोडियम काढून घेते, त्यामुळे ते पानांपर्यंत पोहोचत नाही. बंगालच्या नोना बोक्रा या देशी भातातून या प्रथिनाचे प्रभावी रूप २००५ मध्ये शोधले गेले. केरळच्या किनाऱ्यावरील पोक्काली भातातला ‘सॉल्टॉल’ नावाचा क्षारसहिष्णुतेचा भागही, हे जनुक जिथे आहे त्याच, पहिल्या गुणसूत्रावर आहे. म्हणजे डीएसटीची वाट आणि या वाहकाची वाट वेगवेगळ्या आहेत : एकीत पाण्याचा ओघच कमी होतो, दुसरीत ओघातले सोडियम गाळले जाते. माझ्या दृष्टीने पुढचे महत्त्वाचे पाऊल या दोन्ही वाटा एका झाडात आणण्याचे आहे, आणि त्यासाठी पोक्कालीसारखे देशी वाण जपणे हे प्रयोगशाळेइतकेच मोलाचे आहे.

याला जोडून एक गोष्ट सांगतो. पेशीतले पाणी टिकवण्यासाठी अनेक वनस्पती ग्लायसिन बीटेन साठवतात; भात ते जवळजवळ साठवतच नाही आणि प्रोलीनसारख्या इतर रेणूंवर भागवतो. ज्या विकराच्या कुटुंबातून बीटेन तयार होते, त्याच कुटुंबातले बीएडीएच२ हे विकर भातात निकामी झाले की २-ॲसिटिल-१-पायरोलिन हा रेणू साठतो, आणि बासमतीला येतो तो वास त्याचाच. क्रिस्परने हे जनुक बंद करून बिनवासाच्या भातांना सुवासिक करण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. परंतु हेच जनुक निकामी असलेले भात क्षारांना अधिक हळवे असल्याचे निष्कर्षही प्रसिद्ध झालेले आहेत. खारजमिनीसाठी सुवासिक भात करू पाहणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

---

उरणची_लेक

चर्चा फार चांगली चालली आहे. आमच्या घरची शेती खारजमिनीतली, म्हणून शेताच्या बाजूने लिहिते.

आमच्याकडे बहुतेक ठिकाणी लावणी करत नाहीत. बी भिजवून, मोड आणून चिखलात फोकतात; त्याला रहू म्हणतात. जून-जुलैच्या पावसाने वरचे मीठ धुऊन जाते, तोपर्यंत थांबावे लागते. रोप कोवळे असताना आणि भात फुलोऱ्यावर असताना मिठाचा त्रास सर्वांत जास्त होतो. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस अचानक उघडला की जमिनीतले मीठ पुन्हा वर चढते आणि नेमका त्याच वेळी दाणा भरत असतो. लोंब्या बाहेरून बऱ्या दिसतात आणि हाताने चोळल्या की पळिंज, म्हणजे पोकळ, निघतात. त्यामुळे एखादा वाण ‘क्षारसहिष्णू’ आहे एवढे सांगून आमचे भागत नाही. कोणत्या अवस्थेत सहिष्णू आहे आणि किती दिवसांचा आहे, हे सांगितले पाहिजे.

दुसरे म्हणजे बांध. भरतीचे पाणी अडवणारा बाहेरचा बांध आणि पाणी सोडायची उघाडी धड असेल तरच वाणाचा काही उपयोग. बांध फुटून उधाणाचे पाणी शेतात शिरले की ते समुद्राचेच पाणी असते, त्यापुढे कुठलाही भात उभा राहत नाही, आणि जमीन परत गोडी व्हायला पुढचे काही पावसाळे जातात. नवी मुंबई ज्या ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली त्यांतल्या कितीतरी गावांची ही रोजची विद्या होती. संशोधनाचा निधी बियाण्याकडे जावा, जरूर जावा, पण बांधाच्या दुरुस्तीकडे पाठ फिरवून जाऊ नये.

---

शर्वरी_ऐरोली

उरणच्या ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्याचा कणा आहे. भाताची क्षारसहनशीलता मोजण्याचे जे मान्य गणित आहे तेही तुमच्या अनुभवाला दुजोरा देते : मातीची विद्युतवाहकता (मातीतले क्षार मोजण्याचे माप) मीटरला ३ डेसिसायमनच्या वर गेली की प्रत्येक एककामागे उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटते. म्हणजे ६ डेसिसायमनला एक तृतीयांशाहून अधिक पीक गेलेले असते. परंतु हे गणित हंगामभराच्या सरासरीवर आहे; फुलोऱ्याच्या पंधरवड्यात वाहकता किती होती हे त्यातून कळत नाही. चाचणीच्या अहवालात दर आठवड्याची वाहकता आणि पिकाची अवस्था शेजारी शेजारी छापली, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल.

आणखी एक शंका मला डीएसटीच्या वाटेबद्दल आहे. रंध्रे विरळ होण्याचा फायदा कोरड्या हवेत सर्वाधिक मिळतो, कारण तिथे पानातून पाणी जोराने उडते. ठाणे-रायगडच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत पानातून पाणी मुळातच कमी उडते. त्यामुळे इथे या वाणाची खरी कसोटी पावसाने ओढ दिल्यावर, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या सप्टेंबरअखेरच्या उघडिपीत लागेल. तिथे तो उतरला तर त्याचे मोल फार मोठे असेल.

आता आपल्या खाडीकडे वळते. ठाणे खाडीला २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांना दिला जाणारा रामसर दर्जा मिळाला तो रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांमुळे अनेकांच्या लक्षात आहे, पण खाडीकाठच्या तिवरांकडे वनस्पतिशास्त्र ज्या उत्सुकतेने पाहते ती फारशी कोणाला ठाऊक नसते. आपल्याकडे सर्वत्र दिसणारी तिवर, अव्हिसेनिया मरिना, हिचा संपूर्ण जनुकसंच २०२१ मध्ये भुवनेश्वरच्या जीवविज्ञान संस्थेच्या आणि तमिळनाडूतील एका विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. अंदाजे ४६२.७ दशलक्ष अक्षरांपैकी ४५६.६ दशलक्ष जुळवली गेली, ३१ गुणसूत्रे आणि ३१,४७७ प्रथिने बनवणारी जनुके सापडली, आणि त्यांतील ३,२४६ जनुके क्षारांना प्रतिसाद देणारी आढळली. तिवर मुळाशीच बहुतांश मीठ अडवते, जे आत येते त्यातले काही पानांवरच्या क्षारग्रंथींतून बाहेर टाकते आणि पेशींत ग्लायसिन बीटेन साठवते. ऐरोलीच्या खाडीकिनाऱ्यावर तिवरीच्या पानाची खालची बाजू जिभेला लावली तर खारटपणा लगेच कळतो.

चेन्नईच्या स्वामिनाथन प्रतिष्ठानच्या संशोधकांनी तिवरीची काही जनुके भातात घालून क्षारसहिष्णू रोपे यापूर्वीच तयार केली आहेत. ती मात्र परक्या जनुकाची, म्हणजे जीएम गटातली होतात. संपादनाच्या मार्गाने तिवरीचे जनुक उचलून आणता येत नाही. पण तिवर काय करते हे पाहून भाताच्या स्वतःच्या जनुकांत कुठे बदल करावा, एवढे शिकता येते. इथेच प्रथिनांची रचना संगणकाने वर्तवण्याचे तंत्र कामी येते. त्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तर नवी प्रथिने रचण्याच्या कामासाठी डेव्हिड बेकर यांना. तिवरीचे सोडियमवाहक आणि भाताचे सोडियमवाहक यांच्या आकारात नेमक्या कोणत्या अमिनो आम्लाचा फरक आहे, हे पूर्वी वर्षानुवर्षे स्फटिक वाढवत बसून पाहावे लागे; आता त्याचा पहिला अंदाज काही तासांत येतो आणि प्रयोग त्यावरून आखता येतो.

---

बेलापूर_अरुण

विज्ञान उत्तम आहे यात वाद नाही. मी दोन आक्षेप नोंदवतो. एक, ऑक्टोबर २०२५ मध्ये जीएममुक्त भारतासाठी काम करणाऱ्या आघाडीने भारतीय कृषी संशोधन परिषदेच्याच, म्हणजे हे वाण काढणाऱ्या संस्था जिच्या आहेत तिच्याच, समन्वित भात प्रकल्पाच्या अहवालांचा आधार घेऊन या दोन्ही वाणांच्या दाव्यांना आव्हान दिले. परिषदेने ते आरोप फेटाळले. सामान्य वाचकाने कोणावर विश्वास ठेवायचा? दोन, क्रिस्पर-कॅस९ ची पेटंटे परदेशी संस्था आणि कंपन्यांकडे आहेत. सरकारी संस्थेने वाण काढला तरी परवान्याची दोरी दुसऱ्याच्या हाती राहील, ही भीती मला खोटी वाटत नाही.

---

कळव्याची_प्रयोगशाळा

अरुणजी, दोन्ही आक्षेप गंभीर आहेत आणि ते तसेच घेतले पाहिजेत.

पहिल्याबद्दल : वाद मिटवण्याचा मार्ग कोणावर विश्वास ठेवण्याचा नसून मूळ आकडे ठिकाणवार, वर्षवार आणि पुनरावृत्तीवार खुले करण्याचा आहे. एखाद्या ठिकाणी वाण हरला असेल तर तेही छापले गेले पाहिजे, कारण कुठे हरतो हे कळणे शेतकऱ्याला कुठे जिंकतो हे कळण्याइतकेच उपयोगी असते. त्याच बरोबर भलत्या जागी काप गेला आहे का हे तपासण्यासाठी संपादित रोपाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन मूळ वाणाशी ताडून प्रसिद्ध करावे. भाताचा प्रमाण जनुकसंच २००५ पासून उपलब्ध आहे, त्यात अकराव्या गुणसूत्राच्या कामात भारताचा वाटा होता, आणि आज असे वाचन करणे पूर्वीइतके खर्चिक राहिलेले नाही.

दुसऱ्याबद्दल : या दिशेने देशात काम सुरू झाले आहे. कटकच्या भात संशोधन संस्थेतील कुतुबुद्दीन मोल्ला यांच्या चमूने टीएनपीबी नावाच्या प्रथिनावर आधारित संपादनतंत्र भातासाठी विकसित केले आणि त्यांचे काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅस९ मध्ये १,३६८ अमिनो आम्ले असतात, तर टीएनपीबी सुमारे ४०० चे आहे. एवढे लहान असल्यामुळे ते विषाणूंच्या साहाय्याने थेट झाडाच्या पेशींत पोहोचवणे सोपे होऊ शकते, आणि ऊतिसंवर्धनाची जी किचकट पायरी अनेक पिकांत अडते ती टाळता येण्याची शक्यता निर्माण होते. पेटंटच्या दृष्टीनेही ही वाट आपली स्वतःची आहे. माझ्या मते दोन जाहीर वाणांपेक्षा दीर्घकाळ टिकणारे काम हेच ठरेल.

---

उरणची_लेक

शेवटचा आणि माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हे बियाणे घरी राखता येईल का? दरवर्षी विकत घ्यावे लागणार असेल तर खारजमिनीतला शेतकरी त्याच्याकडे वळणार नाही, कारण एक वर्ष पीक गेले की पुढच्या वर्षी बियाण्याला पैसे नसतात.

---

शर्वरी_ऐरोली

राखता येईल. हे दोन्ही वाण संकरित नाहीत, सरळ वाण आहेत. भात स्वपरागित असल्यामुळे पेरलेल्या दाण्याचे गुण पुढच्या दाण्यात तसेच उतरतात, आणि बंद केलेले जनुकही बंदच राहते. कायद्याने, वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ नुसार, संरक्षित वाणाचेसुद्धा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा आणि विकण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे; बंधन एवढेच की ते छापील नाममुद्रेखाली विकता येत नाही. शिवाय भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (जे) मुळे वनस्पती आणि बियाणे यांवर पेटंट मिळत नाही, त्यामुळे अरुणजींनी मांडलेला परवान्याचा प्रश्न संस्था आणि पेटंटधारक यांच्यातला राहतो.

प्रत्यक्षात अडचण वेगळ्या ठिकाणी येईल. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि तिथून प्रमाणित बियाणे व्हायला काही हंगाम जातात, आणि तोवर या नावाने बाजारात जे विकले जाईल त्याची खात्री करणे कठीण असेल. मिळेल तेव्हा थोडेच घ्यावे, बांधापासून लांबच्या, कमी खारवलेल्या तुकड्यात रहू न करता लावणी करून वाढवावे, म्हणजे आदल्या वर्षीच्या सांडलेल्या दाण्यांची रोपे ओळीबाहेर दिसतात. फुलोऱ्याच्या वेळी उंचीने किंवा लोंबीने वेगळी दिसणारी झाडे उपटावीत, आणि झोडणी बाकीच्या भाताच्या आधी, झाडून घेतलेल्या खळ्यावर करावी. शेजारच्याच तुकड्यात पनवेल-३ लावून दोन्हींचे गुंठ्यामागचे किलो लिहून ठेवलेत, तर ती नोंद घेऊन आपण पनवेलच्या केंद्रात जाऊ. मी बरोबर येईन.